बुबूच्या परसातला चिकू

त्या मंगळवारी सकाळी मी रत्नागिरीला माझ्या स्वयंपाकघरात चहा गाळत होते. फोन वाजला. पलीकडे दुल्हाभाई होते, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, याकूबभाई. "सुलताना, निघालीस का गो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "दुपारच्या गाडीने येते म्हटलं होतं ना." ते म्हणाले, "दुपारची नको. आता नीघ." पुढे काही विचारायची गरज नव्हती. चहा तसाच गाळणीत राहिला. रत्नागिरीहून बहिणीच्या गावाला जायचं तर दोन खाड्या ओलांडाव्या लागतात, जयगडची आणि मग दाभोळची. जयगडला फेरीबोट लगेच मिळाली. पण धोपाव्याच्या धक्क्यावर पोचले तेव्हा बोट पलीकडे दाभोळला उभी होती, गाड्या भरत होती. समोर बहिणीच्या गावची माडांची रांग दिसत होती आणि मध्ये पाणी... मी धक्क्यावर उभी राहून स्वतःशी बोलत होते. दोन दिवसांपूर्वी पेन्शनच्या कामासाठी तिचा निरोप घेऊन निघाले तेव्हा मी एक गोष्ट पक्की ठरवली होती. परत आले की तिला सगळं सांगायचं, तिने तोंड फिरवलं तरी चालेल. मी पोचले तेव्हा तिला आंघोळ घालून झाली होती. माझ्यासाठी चेहरा तेवढा उघडा ठेवला होता. तिच्या कानात सांगावं असं क्षणभर मनात आलं, पण बायकांची गर्दी होती, आणि ऐकायला ती नव्हती.

तिचं नाव मैमुना. आमच्या किनाऱ्यावरच्या मुसलमान घरांत थोरल्या बहिणीला बुबू म्हणतात, म्हणून माझ्यासाठी ती बुबू. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा माझी वेणी घालण्यापासून माझ्या डी.एड.च्या फीपर्यंत सगळं तिने पाहिलं. मी तिच्याच घरी राहून शिकले आणि मराठी शाळेत शिक्षिका झाले. तिचं लग्न झालं आणि दोन महिन्यांत दुल्हाभाई मस्कतला गेले. तिकडच्या बंदरात ते क्रेन चालवायचे. दोन वर्षांनी एकदा यायचे, दोन महिने राहायचे, आणि बॅगा भरून निघून जायचे. असं चाळीस वर्षं चाललं. मूल झालं नाही. एकदा मी तिला विचारलं होतं, "बुबू, कंटाळा नाय येत?" ती म्हणाली, "येतो की. म्हणून तर झाडं लावते." तिचं घर कातळावर. दोन वीत खणलं की कुदळ ठणकन वाजते. तिने माणूस बोलावून सुरुंग लावून खड्डे पाडून घेतले, नदीकाठची माती टोपल्यांनी आणून भरली आणि मागच्या दारी चिकू, पेरू, रामफळ आणि दोन माड जगवले. चिकू तिचा लाडका. त्याला फळ धरायला लागलं आणि खारी आल्या.

खारींशी तिचं भांडण मी वीस वर्षं पाहिलं. खार कुठूनही येते. शेजारच्या आंब्याच्या फांदीवरून, विजेच्या तारेवरून, परसाच्या कडेच्या चिऱ्यांच्या गडग्यावरून. चिकू भरला की नेमका तोच धरते, दोन्ही हातांत घेऊन बसते, अर्धा खाते आणि उरलेला टाकून दुसरा धरते. बुबूचा राग त्या दुसऱ्या चिकूसाठी असायचा. "पुरा खा ना, मेलींनो! अर्धा टाकून जाता, तुमच्या बापाने लावलाय?" असं ती खिडकीतून ओरडायची. तिने खोडाला पत्रा गुंडाळला. फांद्यांना डबे बांधून त्यांची दोरी थेट चुलीपर्यंत आणली, भाकरी थापता थापता एका हाताने ओढायची. फळांना जुन्या ओढण्यांच्या पिशव्या शिवून बांधल्या. एका वर्षी खाडीवरच्या खलाशांकडून जुनं जाळं आणून झाडावर टाकलं. त्या जाळ्यात एक खार अडकली. जितकी धडपडेल तितकी गुरफटत होती. बुबू स्टुलावर चढली आणि कात्रीने एकेक दोरा कापत राहिली. खारीने तिचं बोट फोडलं. रक्त गळत होतं तरी तिने कापणं थांबवलं नाही, आणि खार सुटून पळाल्यावरच ती सुई टोचून घ्यायला दवाखान्यात गेली. मी चिडले तर म्हणाली, "जाळं मी टाकलं ना? मग सोडवायची कुणी?" जीव घ्यायचा विषय तिच्या डोक्यात कधी नव्हताच. शेजारणी सांगायच्या, औषध घाल. ती सरळ नाही म्हणायची. "माझ्या परसात राखणीला मी आहे. मेलेलं काय राखायचं?"

दुल्हाभाई कायमचे परत आले आणि वर्षभरात बुबूच्या घशात घास अडकायला लागला. आधी भाकरी, मग भात, मग पेजही. चिपळूणच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. अन्ननलिकेचा आजार होता, आणि बराच पुढे गेलेला. मुंबईला किरणांचे शेक दिले, सुया दिल्या आणि शेवटी सांगितलं, घरी न्या, आवडेल ते खाऊ द्या. आवडायला काही उरलं नव्हतं. तोंडाची चव गेली होती. दूध उलटायचं. भाताच्या पाण्याला वास येतो म्हणायची. एका सकाळी तिने स्वतःहून सांगितलं, "चिकू देऊन बघा. आपला." दुल्हाभाईंनी झाडाचा चिकू कुस्करला, फडक्यातून गाळला आणि चमच्याने भरवला. तिने तो गिळला. डोळे मिटून म्हणाली, "हा उतरतो." त्या दिवशी त्यांनी मला फोन केला तेव्हा त्यांना नीट बोलता येत नव्हतं, इतका त्यांना आनंद झाला होता. मी शाळेतून निवृत्त झालेच होते. कपडे भरले आणि तिच्याकडे राहायला गेले. बाजारातले चिकूही आणून पाहिले. तिने जिभेवर ठेवले आणि थुंकले, "औषध मारलेलं आहे" म्हणाली. तेव्हा तिचा दिवसाचा आहार म्हणजे तिच्या झाडाचे दोन चिकू, कधी तीन. थंडी सरत आली होती, झाड लगडलं होतं, आणि आम्हांला वाटलं, पुरेल.

पण त्या वर्षी खारींनी झाड लुटलं. डोंगरावर वणवे लागले होते आणि पाणी आटलं होतं, त्यामुळे की काय, एका वेळी सहा-सात खारी झाडावर दिसायच्या. कच्चा काढावा तर चिकाने घसा धरतो, आणि तिच्या घशाला तो चीक म्हणजे आगच. झाडावर ठेवावा तर सकाळी खाली अर्धा पडलेला. पूर्वी बुबू नखाने बारीक ओरखडा काढून सांगायची, आत हिरवं असेल तर राहू दे, पिवळसर असेल तर उतरव. आता तिला फांदीपर्यंत हात नेता येत नव्हता आणि दुल्हाभाईंना ते काही केल्या जमत नव्हतं. ज्या माणसाने जन्मभर जहाजातून घराएवढे खोके उचलून बरोबर जागेवर ठेवले, तो माणूस मुठीएवढ्या जनावरापुढे हरला होता. पहाटेची नमाज झाली की काठी घेऊन झाडाखाली बसायचे. बसल्या बसल्या डोळा लागला की वरून साल पडायची. एकदा मी स्वयंपाकघरात गेले तर ते खारीने खाल्लेला चिकू सुरीने कापत होते, दातांचे व्रण असलेला भाग काढून उरलेला वाटीत घेत होते. "दुल्हाभाई, हे तिला देऊ नका. काही बाधलं तर?" मी म्हटलं. त्यांनी सुरी खाली ठेवली. "आज एकच मिळालाय गो," ते म्हणाले. "तिला काय सांगू? कालपासून तिच्या पोटात पाणीच आहे." आणि ओट्याला धरून ते रडले. माझ्याहून वयाने मोठ्या पुरुषाला असं रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्याच दुपारी मी बाजारात गेले. दुकानदाराने विचारलं, उंदीर फार झालेत का? मी हो म्हटलं. घरी येऊन पिठाच्या गोळ्या केल्या, त्यात गूळ आणि खोबरं घातलं. हे सगळं मी केलं, माझ्या हातांनी. दुल्हाभाई दारात उभे राहून पाहत होते. "मैमुनाला कळलं तर?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तिला कोण सांगणार आहे?" हे वाक्य माझं आहे. तेही इथे लिहून ठेवते. गोळ्या मी गडग्यावर आणि खोडाच्या बेचक्यात ठेवल्या आणि साबणाने तीनदा हात धुतले. दुसऱ्या दिवशी झाडावर एकही खार आली नाही. आम्ही पाच चिकू उतरवले आणि पेंढ्यात आढी घातली. दुल्हाभाईंनी त्या रात्री पहिल्यांदा पोटभर जेवण केलं.

त्यानंतरच्या सकाळी बुबू मागच्या दारी उन्हात खुर्चीवर बसली होती. मी तिच्यासाठी पाण्याचं भांडं घेऊन येत होते. न्हाणीच्या नळाखाली पाणी साठतं तिथे एक खार आली. मागचे पाय ओढत आली. पाण्याला तोंड लावलं, आणि तशीच आडवी झाली. बुबू पाहत होती. तिने हाक मारली, मला नाही, त्यांना. ते आले. तिने विचारलं, "औषध कुणी घातलं?" माझ्या हातात भांडं होतं. मी तोंड उघडायच्या आत दुल्हाभाई म्हणाले, "मी." तिने विचारलं, "कुठून आणलंत?" ते म्हणाले, "बाजारातून." मी बोलायला हवं होतं. तो क्षण फार मोठा नव्हता, पण एक शब्द बोलण्याएवढा नक्की होता... मी तिला पाणी दिलं. तिने माझ्या हातून ते घेतलं, माझ्या हातावर हात ठेवला, आणि त्यांच्याकडे पाठ फिरवली.

दुपारी पडवीच्या वाशांतून बारीक चिवचिव ऐकू यायला लागली. आम्हांला आधी चिमण्या वाटल्या. बुबूला बरोबर कळलं. "पिल्लं आहेत तिची," ती मला म्हणाली. दुल्हाभाईंनी शिडी लावली आणि काथ्याचं, कापसाचं घरटं खाली काढलं. दोन पिल्लं होती, डोळेसुद्धा न उघडलेली, अंगठ्याएवढी. बुबूने ती ओढणीत घेतली. जी बाई स्वतः दूध गिळू शकत नव्हती ती कापसाची वात दुधात बुडवून त्यांच्या तोंडाशी धरत होती, दिवसा आणि रात्रीही. एक दुसऱ्या दिवशी गेलं, एक तिसऱ्या दिवशी. दुल्हाभाईंनी रामफळाखाली खड्डा केला. ती तिथवर चालत गेली, माझ्या खांद्यावर भार टाकून. परत येऊन अंथरुणावर पडली. मी आढीतला पहिला पिकलेला चिकू कुस्करून नेला. तिने वाटीकडे पाहिलं आणि मान हलवली. "त्या झाडाचा आता नको गो," ती म्हणाली. मी हातापाया पडले. म्हटलं, "बुबू, तुझ्यासाठीच केलं ना त्यांनी?" ती म्हणाली, "म्हणून तर नको."

आठ दिवस ती दुल्हाभाईंशी एक शब्द बोलली नाही. माझ्याशी बोलायची, पूर्वीपेक्षा जास्त. माझ्या केसांना तेल लावायला सांगायची, लहानपणीच्या गोष्टी काढायची, "तू आहेस म्हणून बरं" म्हणायची. ते मला ऐकवत नव्हतं. मी खोलीबाहेर आले की ते पडवीत बसलेले असायचे, मान वर करून विचारायचे, "काय म्हणाली? माझं काही निघालं?" मी नाही म्हणायचे. एका संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, मी जाऊन सांगते तिला, विष मी आणलं म्हणून. त्यांनी माझं मनगट धरलं. "नाय. शपथ आहे तुला." मी थांबले. खरं सांगायचं तर त्यांनी शपथ घातली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याची लाज मला अजून पुसता आलेली नाही. तिच्या पोटात तेव्हा पाण्याचे घोट आणि मधाचं बोट एवढंच जात होतं. मनगटातून बांगडी आपोआप गळून पडायची.

आठव्या दिवशी दुल्हाभाई परसात गेले आणि झाडावरचं सगळं काढायला लागले. पिशव्या सोडल्या, डबे सोडले, खोडाचा पत्रा उचकटला, त्यात त्यांचा तळवा फाटला. मग वरच्या फांद्यांना बांधलेल्या दोऱ्या काढायला ते शिडीवर चढले. वय सत्तरच्या घरात, आठ दिवस धड जेवण नाही. शिडीचा एक पाय कातळावर हलत होता. मी खालून धरायला धावले, आणि तेवढ्यात मागून बुबूचा आवाज आला. भिंतीला धरून ती दारापर्यंत आली होती. "उतरा खाली," ती म्हणाली. "शिडी हलतेय. पडाल." ते वरच थांबले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "माझ्याशी बोलतेस?" ती म्हणाली, "मग झाडाशी बोलू?" ते उतरले आणि शिडीच्या पायाशीच बसले, फाटलेला हात मांडीत घेऊन. ती त्यांच्याजवळ खाली बसली. मी दोघांना तिथे ठेवून आत गेले.

त्यानंतर तिने चिकूला नाही म्हटलं नाही. पण घसा मिटला होता. फडक्यातून दोनदा गाळलेला रससुद्धा उतरेना. चमचाभर रस ती तोंडात धरायची, बराच वेळ, आणि मग वाटीत काढून टाकायची. "चव येते," म्हणायची. "चव आली तरी पुरे." डॉक्टर म्हणाले, आठ दिवस आधी काय नि नंतर काय, आजार असाच जाणार होता. असेल. पण त्या आठ दिवसांत तिला आणखी काही चमचे गिळता आले असते की नाही, हे मला कुणीही सांगू शकत नाही, आणि मी रोज स्वतःला तेच विचारते. ती आणखी तीन आठवडे होती. त्या तीन आठवड्यांत मी तिच्या उशाशी किती वेळा बसले, किती वेळा "बुबू, एक सांगायचंय" अशी सुरुवात केली. "सांग ना," ती म्हणायची, आणि मी उशी सरळ करायचे. शेवटच्या भेटीत तिने माझ्या हातात भाड्याचे सुटे पैसे कोंबले, मी लहान असल्यासारखे, आणि म्हणाली, "लवकर ये." मी दोन दिवसांनी आले.

ती गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळे गेले आणि आम्ही दोघंच उरलो. परसात खारी मोकळ्या फिरत होत्या, झाडाखाली अर्धे चिकू पडले होते, आणि ते कुणी झाडत नव्हतं. मी दुल्हाभाईंना म्हटलं, "मी तिला सांगायला हवं होतं. तुमची शपथ मोडून सांगायला हवं होतं." ते गडग्याकडे बघत होते. म्हणाले, "सांगितलं असतंस तर ती तुझ्याशीही बोलली नसती. आपल्या दोघांपैकी एकाशी तरी तिने बोलायला हवं होतं ना गो? ते आठ दिवस ती कुणाशी बोलली असती?" हे त्यांनी त्या सकाळी, खार समोर पडलेली असताना, त्या एका क्षणात ठरवलं होतं. चाळीस वर्षं जिच्यापासून लांब राहिले, तिच्या शेवटच्या दिवसांतले आठ दिवस त्यांनी मला देऊन टाकले होते. आणि मी ते घेतले होते. मी ताटं वाढायला उठले.

मी त्यांच्यापुढे भात आणि बांगड्याचं सालन ठेवलं. त्यांनी घास घेतला नाही. खिशातून फोन काढला, चष्मा लावला आणि काहीतरी शोधायला लागले. मस्कतच्या शेवटच्या काही वर्षांत दोघांच्या वेळा जुळायच्या नाहीत, तेव्हा बुबू आपलं बोलणं फोनमध्ये भरून त्यांना पाठवायची. ते सगळं त्यांनी जपून ठेवलं होतं, मला ठाऊक नव्हतं. त्यांनी बटण दाबलं आणि त्या स्वयंपाकघरात बुबू बोलायला लागली. आजाराच्या आधीचा तिचा तो भरडा, घाईचा आवाज. "ऐकताय ना? शिफ्ट सुटली असेल तुमची. आधी जेवून घ्या, मग बाकीचं ऐका." दुल्हाभाईंनी तिथेच बोट ठेवून आवाज थांबवला. फोन ताटाशेजारी ठेवला. "रोज असंच करतो," ते मला म्हणाले, जरा ओशाळून. "नायतर घास उतरत नाय." मग ते जेवले. सावकाश, भाताचं शीत न टाकता सगळं जेवले. उठून हात धुतले आणि ओल्या बोटानेच पुढचं सुरू केलं. नळाला पाणी दोन दिवस आलं नाही. सुलतानाची बदली झाली. कौलं शाकारणारा माणूस येतो म्हणाला नि आला नाही... एवढंच होतं. ते संपेपर्यंत दुल्हाभाई हात न पुसता उभे होते.